नामदेवची भिंगरी

मोटार बंद पडली की उतारू खाली उतरतात, विड्या पेटवतात आणि बोलायला लागतात. आमच्या अमरावतीच्या स्टँडवर मोटारी रोज बंद पडायच्या, त्यामुळे किस्से गोळा करायला कोणाला कुठं जावं लागलं नाही. ते आपोआप साचत गेले. मी सांगायला बसलो की घरचे म्हणतात, "झालं सुरू!" आणि एकेक जण उठून जातो. म्हणून आज तुम्हाला धरलं आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. कारभार नागपुरातून चालायचा आणि आमची सर्व्हिस अमरावतीहून चालायची, म्हणजे चाललीच तर! मी स्टँडवर एजंट होतो. तिकिटं फाडायची, उतारू गाडीत कोंबायचे आणि उशीर झाला की "हे काय, निघालीच!" असं सांगायचं, एवढीच माझी कामं. शेवटच्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

गाडीचे मालक अण्णा. माळी माणूस, परतवाड्याकडे संत्र्याच्या बागा. माल मंडईत नेण्यासाठी त्यांनी आठ सिलिंडरची एक जुनी अमेरिकन मोटार घेतली, आणि रिकामी कशाला पळवायची म्हणून तीत माणसंही भरायला लागले. स्वतः अण्णांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "बैल आपलं आयकते," ते म्हणायचे, "ह्या यंत्राच्या मनात काय हाय कोनाले मालूम!"

आणि ड्रायव्हर नामदेव. काडीसारखा माणूस, पण मिशी मात्र भरघोस. त्याच्या अंगात एक कला होती. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, ॲक्सिलेटर दाबत न्यायचा, इंजिन बोंबलायला लागलं की क्लचवरचा पाय फटकन उचलायचा. गाडी जागची हलायची नाही, पण मागची दोन्ही चाकं गरगर फिरायची, धूर निघायचा, रबराचा वास सुटायचा आणि रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटायचे. आम्ही तिला 'भिंगरी' म्हणायचो. भिंगरीचा उपयोग काय, असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, "वसंतराव, मोराले कोनी इचारते का, पिसारा काहून फुलवते म्हनून?"

*

पावसाळ्यात पातूरच्या रस्त्यावर गाडी रुतली. काळी माती भिजली की ती चाकाला सोडत नाही, हे वऱ्हाडात सांगावं लागत नाही. सगळे उतारू धोतरं खोचून धक्का द्यायला उतरले. फक्त एक वकीलसाहेब उतरून नुसतेच उभे राहिले. त्यांनी पुढच्या सीटचं तिकीट काढलं होतं, आणि पुढच्या सीटच्या तिकिटात धक्का येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

अंगात पांढराशुभ्र सूट. छत्री टेकवून ते नेमके मागच्या चाकामागे उभे राहिले आणि हुकूम सोडायला लागले. "जोर लावा! एकदम! ड्रायव्हर, स्पीड द्या, स्पीड!"

नामदेवनं स्पीड दिली. चाकं अशी फिरली की शेतातला अर्धा चिखल वकीलसाहेबांवर आला. टोपीपासून बुटापर्यंत माणूस काळा! फक्त दोन डोळे लुकलुकत होते, तेही नक्की कोणाचे ते सांगता आलं नसतं.

नामदेव खाली उतरला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, धक्का कोनी देला ते कोनी इचारलं, तं तुमचंच नाव लागते आता!"

*

याच वकीलसाहेबांनी पुढं स्वतःची मोटार घेतली आणि शिकवायला नामदेवलाच बोलावलं. माणूस दिलाचा मोठा, किंवा विसरभोळा.

पहिल्याच दिवशी त्यांनी तक्रार केली, "पाय दोन आणि पेडलं तीन? हे कोणत्या कायद्यात बसतं?" तरी कोर्टाच्या आवारात त्यांनी गाडी चालवून दाखवली. चालत चालत ती एका कडुनिंबाला जाऊन टेकली. हळूच टेकली, त्यामुळे वकीलसाहेबांच्या ते लक्षात आलं नाही. गाडी पुढं का जात नाही म्हणून त्यांनी ॲक्सिलेटर आणखी दाबला. मग आणखी. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, धुराचे लोट उठले, पक्षकार आपापले खटले सोडून पळाले, आणि कोर्टाचा चपराशी पाण्याची बादली घेऊन धावत आला.

"गाडीत दम नाही!" वकीलसाहेब आतून ओरडत होते. "मी सांगतोय जा, तर जात नाही!"

नामदेवनं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मग तो म्हणाला, "गाडीत लय दम हाय, साहेब. झाडानं तुमचं अपील फेटाळलं!"

*

स्टँडच्या मागं आखाडा होता. तिथं दौलत पहिलवान राहायचा. अकोटकडचा शेतकऱ्याच्या घरचा गडी, दाराच्या चौकटीत आडवा होऊन शिरायचा. पण स्वभावानं असा लाजाळू की चहा मागायचा असला तरी मला मध्यस्थ घालायचा. आमची चांगली जमली होती. नामदेव, दौलत आणि मी रोज संध्याकाळी गाडीच्या पायरीवर बसून चिवडा खायचो. म्हणजे दौलत खायचा आणि आम्ही दोघं बसायचो.

तेव्हा पहिलवानांनी मोटार थांबवून दाखवायची फार टूम होती. मोटारीच्या मागं दोर बांधायचा, पहिलवानानं जमिनीत रोवलेल्या खोडाला पाय लावून बसायचं, दोर कमरेला घ्यायचा, आणि मोटारीनं पुढं जायचा प्रयत्न करायचा. आखाड्याच्या उत्सवात वस्तादांनी जाहीर करून टाकलं की दौलत मोटार धरणार. दौलतला विचारलंच नव्हतं.

आदल्या दिवशी पाऊस झालेला, मैदान ओलं. शिटी वाजली. एवढी माणसं जमलेली पाहून नामदेवच्या अंगात संचारलं आणि त्यानं भिंगरी लावली. चाकं गरगर, इंजिनचा आवाज गावभर, चिखलाचं कारंजं! आणि मोटार? जागच्या जागी! लोकांनी टोप्या उडवल्या. दौलतला खांद्यावर घ्यायला आठ-दहा जण पुढं आले आणि उचलता येईना म्हणून परत गेले.

रात्रीच्या जेवणाला दौलत जरा नाराज दिसला. "काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला. "मले वाटे मोटारीत लय जोर असंन. हे तं आमच्या घरच्या गोऱ्ह्यापेक्षाई हलकी निंगाली!"

*

नाव झालं, बोलावणी आली. अकोटच्या लोकांनी तर हक्कानंच बोलावलं. आमच्या गावचा पहिलवान आम्हाला नाही दाखवणार? कापसाच्या जिनिंगच्या आवारात कार्यक्रम ठेवला. दौलतची आई, मामा, भावकी, सगळे पुढच्या रांगेत.

नामदेवनं विचार केला, आज मित्राच्या घरची माणसं आहेत, पोराला त्रास नको. म्हणून त्यानं त्या दिवशी भिंगरी लावलीच नाही. क्लच अगदी हळूहळू, मायेनं सोडला. आवारातली जमीन कोरडी, दगडासारखी.

तर काय, गाडी निघाली! आवाज नाही, धूर नाही, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी शांतपणे चालायला लागली, आणि तिच्यामागून खोडासकट उपटलेला दौलत, बसल्या बसल्या! बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रमच असा आहे. ते वाजवत मागं चालू लागले. मिरवणूक फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली. नामदेवचं मागं लक्ष नाही. लोकांना हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात दौलतची आई उठून उभी राहिली आणि हाका मारायला लागली, "दौलत, अरे कुठी चालला बापा? जेवून तं जाय!"

*

त्या दिवशी आम्हा तिघांना मोटारीचं शास्त्र कळलं. मोटार जितकी जास्त ओरडते तितकी कमी ओढते. चाक जागच्या जागी फिरलं की ते जमिनीला धरत नाही, आणि धरत नाही म्हणून मोटार जात नाही. हे मोटारीपुरतंच खरं आहे असं नाही, पण ते जाऊ द्या.

दौलत औषध लावून पालथा पडला होता. उशीतून डोकं वर काढून म्हणाला, "म्हंजे नामदेव, मी मोटार कदी धरलीच नाई?"

नामदेवनं औषधाची बाटली उगाच हलवून पाहिली. "धरली नं," तो म्हणाला. "तू मांगून धरली, मी पुढून धरली."

दौलतनं तोंड भिंतीकडं केलं. मला फार वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्याकडून कोणीतरी खेळणं काढून घेतल्यासारखा दिसत होता. पण पुढची बोलावणी तर आलेली होती. मग आमचं न बोलता ठरलं की नामदेव भिंगरी लावणार, दौलत दोर धरणार, आणि मी शिटी वाजवायच्या आधी "धूळ उडू नये म्हणून" मागच्या चाकांखाली दोन बादल्या पाणी शिंपडणार.

*

मग लढाई आली आणि टायर मिळेनासे झाले. पेट्रोल परमिटवर, तेही देवाच्या प्रसादाएवढं. काही सर्व्हिसवाल्यांनी गाड्या कोळशाच्या गॅसवर केल्या. पण कोळशाचा टायर काही निघाला नव्हता! गाडीचे टायर गेले की गाडी विटांवर चढायची आणि ड्रायव्हर घरी बसायचा.

अण्णा रोज सकाळी यायचे आणि टायर अंगठ्यानं दाबून पाहायचे, संत्री पाहतात तसे. एक दिवस त्यांना रस्त्यावर दोन काळे पट्टे दिसले.

"नामदेव, हे काय होय?"

"डांबर होय, अण्णा. उन्हानं वितळलं."

अण्णा सत्तरीला आले होते, तरी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पट्ट्याचा वास घेतला. मग वर पाहून म्हणाले, "काहून गा, ह्या डांबराले माह्याच टायरचा वास कसा येऊन राह्यला?"

त्याच दिवशी फर्मान निघालं. भिंगरी बंद! धूर दिसला की नामदेव गाडीवरून कायमचा खाली. नामदेवच्या घरी खाणारी तोंडं बरीच आणि लढाईच्या दिवसांत ड्रायव्हर पैशाला पासरी. त्यानं कानाला हात लावले. मोटार धरायचे कार्यक्रमही संपले. खरं म्हणजे दौलतला सुटल्यासारखंच झालं.

*

आणि नेमका तेव्हाच दौलतसाठी अकोल्याकडून सांगून आलं. मुलीचे वडील पांडुरंगजी, काळ्या मातीतले जुने शेतकरी, शब्दाला पक्के. मुलगी कौसल्या. आम्ही तिघं पाहायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, दौलतनं मान वर केली नाही. शेवटी कोणीतरी मुलीला म्हणालं, "तुले काई इचाराचं हाय का?"

असं कोणी विचारलं की त्या काळी मुली नाही म्हणायच्या. कौसल्येनं विचारलं, "मोटार धरता तवा डोये उघडे ठेवता का मिटता?"

दौलत म्हणाला, "मिटतो. भेव वाटते."

ती हसली. तिथंच आमचा पहिलवान चीत झाला! परतताना मूर्तिजापूरला भजी घेतली तर ती तशीच त्याच्या हातात राहिली. यावरून काय ते समजा. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

पण आठ दिवसांनी पांडुरंगजी स्वतः स्टँडवर आले. म्हणाले, "पोरगा आमाले पसंत हाय. पन आमची भावकी म्हनते, ते मोटार धरनं गिरनं समदा तमाशा असते. मी म्हनतो, नसते. तं आमच्या खळ्यात मोटार आना अन् एकडाव धरून दाखवा. खरा निंगाला तं त्याच दिवशी कुंकू लावू. खोटा निंगाला तं रामराम!"

दौलत पांढराफटक पडला. नामदेवनं माझ्याकडं पाहिलं, मी नामदेवकडं पाहिलं.

त्या संध्याकाळी दौलत म्हणाला, "मी जाऊन खरं सांगून देतो."

"अन् पोट्टी?" नामदेव म्हणाला.

दौलतनं हातातला चिवडा खाली ठेवला. "तू चिवडा खाय," नामदेव त्याला म्हणाला. "गाडी माह्याकडं लागली."

*

अण्णांनी गाडी द्यायला हो म्हटलं याचंच आम्हाला नवल वाटलं. "त्या बाजूले दोन पेट्या संत्री पोचवाच्याच हायेत," एवढंच ते म्हणाले. पण निघायच्या दिवशी पाहतो तर अण्णा स्वतः ठेवणीतलं धोतर नेसून, फेटा बांधून हजर! एरवी ते मागच्या सीटवर बसायचे, त्या दिवशी पुढं नामदेवच्या शेजारी बसले. "टायर माहे हायेत," ते म्हणाले, "मी पाहातो कसा धूर निंगते तं!"

खळ्यात सगळं गाव लोटलेलं. जमीन चोपून सारवलेली, वाळून खडखडीत, अकोटच्या आवारापेक्षाही टणक. दौलत खोडाला पाय लावून बसला. दोर बांधला. बायका एका बाजूला, त्यांच्यात कौसल्या. भावकीतले लोक चाकाजवळ उकिडवे बसलेले, तमाशा पकडायला.

मी बादली घेतली आणि म्हटलं, "शुभकार्य आहे, जरा सडा शिंपडू."

पांडुरंगजींनी माझा हात धरला. "पाव्हनं, सडा दारात असते. चाकाखाली नाई." झालं! पाणी नाही म्हणजे भिंगरीला टायरच जाळावा लागणार, आणि टायरांचा धनी तर शेजारी बसलेला. भिंगरी लावली तर नामदेवची नोकरी गेली, नाही लावली तर दौलतची बायको गेली.

मी खिडकीशी गेलो. नामदेवच्या कपाळावर घाम होता. तो अण्णांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वसंतराव, स्टँडवर हमालाची जागा असंन तं पाहून ठेवा." अण्णा समोर काचेतून पाहत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही.

माझ्या हातून शिटी वाजेना. शेवटी वाजली. बँड सुरू झाला. नामदेवनं इंजिन असं ओरडवलं की झाडावरचे कावळे उडाले, आणि त्यानं क्लचवरचा पाय फटकन उचलला.

गाडीनं एक गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. धूर नाही, चाकाला एक फेरा नाही. दौलत जिथल्या तिथं.

लोक ओरडले. पण भावकीतला एक जण उठला. "हे खरं नाई! इंजिन मेलं. अजून एकडाव!"

नामदेवचा चेहरा मला आजही दिसतो. त्याला स्वतःलाच काही कळत नव्हतं. त्यानं पुन्हा गाडी सुरू केली, पुन्हा पाय उचलला. पुन्हा गचका, पुन्हा शांत! दौलतच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्यानं डोळे उघडले, दोराकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. हळूहळू त्याला कळायला लागलं की आज चाक फिरलेलं नाही. आज भिंगरी नव्हती. माणूस उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडायला लागला.

पांडुरंगजींनी स्वतःचा फेटा काढून त्याच्या डोक्याला बांधला. कौसल्येकडच्या बायकांनी कुंकवाचं ताट आणलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, गाडी बाजूले घ्या, मांडव टाकाचा हाय!"

मी दोर सोडला. नामदेवनं गाडी सुरू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी हलेना! पुन्हा सोडला. हलेना!

सगळं खळं हसायला लागलं. पांडुरंगजी भावकीकडं वळून म्हणाले, "पाहा! दोर सोडला तरी मोटारीचं भेव गेलं नाई!"

मी घाईघाईनं खिडकीतून आत डोकं घातलं. नामदेव खाली पाहत होता. दोन सीटच्या मधे हातब्रेकची दांडी पूर्ण वर ओढलेली होती, आणि अण्णांनी ती दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली होती.

"अण्णा," नामदेव कसाबसा म्हणाला, "हे तुमी काहून धरलं?"

अण्णांनी दांडी सोडली नाही. समोर काचेतून पाहतच ते म्हणाले, "गाडी एवढी ओरडून राह्यली, मानसानं कायले तं धरा लागते का नाई?"